समासातली मुलं

बेरीजरावांचं खरं नाव कचेरीत कोणालाच आठवत नव्हतं. पगारपत्रकावर ते छापलेलं असे, पण पगारपत्रकावर नाव वाचायला थांबतो कोण? वॉर्ड कचेरीच्या समाजकल्याण शाखेत ते मुख्य लिपिक होते आणि सत्तावीस वर्षांत त्यांची एकही बेरीज चुकली नव्हती. बेरजेच्या वर जे आकडे लिहिलेले असतात ते चुकले असतील, तर ती जबाबदारी दुसऱ्या टेबलाची, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

सध्या त्यांच्या टेबलावर एक पाहणी येऊन बसली होती. वॉर्डात सहा वर्षांखालची मुलं किती, आणि आईबाप कामावर गेल्यावर त्यांना सांभाळायला सरकारी पाळणाघर लागतं का, हे घरोघरी जाऊन विचारायचं होतं. शंभरातल्या वीस मुलांची गरज निघाली, तर निधी पाळणाघराला. नाही निघाली, तर तोच निधी चौकातल्या संगीत कारंज्याला. कारंज्याचा नकाशा आधीच काढून झाला होता. पाळणाघराचा झालेला नव्हता. यावरून ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं.

अर्जातला सातवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा होता. 'मूल दिवसा कोण सांभाळतं?' उत्तरं चारच: एक, आई. दोन, आजी-आजोबा. तीन, शेजारी. चार, कोणी नाही. गरज म्हणून फक्त चौथं उत्तर धरायचं होतं. आता दारात परकी बाई पेन उघडून उभी असताना 'माझं पोर दिवसभर वाऱ्यावर असतं हो' असं सांगणारी आई ज्याने कोणी डोळ्यांपुढे आणली होती, तो माणूस बहुधा बढती मिळून दुसऱ्या शाखेत गेला होता.

चारशे बारा मुलं. आई सांभाळते, एकशे एक्केचाळीस. आजी-आजोबा, चौऱ्याऐंशी. शेजारी, एकशे चौऱ्याऐंशी. कोणी नाही, तीन. त्या तिघांपैकी दोन उत्तरं बायकांनी आतल्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला ऐकू जावं म्हणून दिलेली होती. तिसरं खरं असावं. बेरीजरावांनी भागाकार करून खाली लिहिलं, 'गरज: एक टक्क्याहून कमी.' साहेबांनी वाचून मान डोलावली. कारंज्याचा कंत्राटदार त्या दिवशी योगायोगाने तिथेच बसला होता, त्यानेही डोलावली. अहवाल सोमवारी दुपारी समितीपुढे जायचा होता.

बेरीजरावांना मात्र अहवालाची नाही, घरची काळजी होती. बायकोचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. जिना उतरताना ती कठडा असा धरी की जणू त्याच्याशी जुनं भांडण आहे. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची यादी मैलभर लांब. तरी दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा बाईसाहेबांनी ती घालवली. पहिल्यांदा तिला ताप आला, थर्मामीटरमध्ये न दिसणारा. दुसऱ्यांदा तिच्या बहिणीकडची माणसं येणार होती, ती अजून यायचीच आहेत. आता तिसरी तारीख आली होती, पुढच्या महिन्याची सहा. दवाखान्याचा नियम सरळ होता. तिसरीही चुकली, तर नाव यादीच्या तळाला. म्हणजे दीड वर्ष. आणि डॉक्टर म्हणाले होते, दीड वर्षाने गुडघा दुरुस्त करण्याजोगा राहील असं मी लिहून देणार नाही.

"सहा तारीख," बेरीजराव रोज सकाळी चहाबरोबर सांगत.

"बघू," बायको म्हणे.

"बघू काय बघू? ही शेवटची आहे."

"अहो, गुडघा कोणाचा आहे?"

"तुझा."

"मग मी बघते. तुम्ही डबा घ्या आणि निघा, सव्वानऊ झाले."

ती ऑपरेशनला घाबरते, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून त्यांनी दवाखान्यातून 'गुडघ्याशी मैत्री' नावाची पुस्तिका आणून तिच्या उशीखाली ठेवली. तिने ती भांड्याच्या कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. कपाट तेव्हापासून स्थिर होतं.

तर गुरुवारी दुपारी बेरीजराव रबर घेऊन बसले होते. वर जाणारे अर्ज स्वच्छ असावेत, समासात काहीही लिहिलेलं नसावं, असं परिपत्रक होतं, आणि पाहणी करणाऱ्या बाईने समास पेन्सिलीने नुसते भरून ठेवले होते. ही बाई टपाल खात्यातून निवृत्त झालेली. एकतीस वर्षं याच गल्ल्यांमधून पत्रं वाटली होती, म्हणून तिला सगळे टपालबाई म्हणत. अर्जामागे ठरावीक पैसे या बोलीवर कचेरीने तिला घेतलं होतं. रकान्यात तिने नेमाने आकडा लिहिला होता, पण तीन म्हणजे शेजारी, एवढ्यावर तिचं मन भरत नव्हतं. पत्त्याशिवाय माणूस ही कल्पनाच तिला मान्य नसावी. म्हणून प्रत्येक 'तीन'समोर समासात बारीक अक्षरात दार लिहिलेलं होतं. 'शेजारी: हिरवं फाटक, कुत्रं भुंकतं पण चावत नाही.' 'शेजारी: चप्पलवाल्याचं दुकान, मागची बाजू.' 'शेजारी: निळं दार, दुसरा मजला, घंटा बिघडलेली, कडी वाजवावी.'

बेरीजराव खोडत गेले. हिरवं फाटक. चप्पलवाला. निळं दार. पुन्हा निळं दार. तीन-चार अर्ज सोडून पुन्हा निळं दार, कडी वाजवावी. त्यांनी कपाळाला आठी घातली. लोकही काय असतात! साधी घंटा दुरुस्त करून घेता येत नाही. पाचव्या निळ्या दारावर रबर फिरवताना त्यांचा हात थांबला. घंटा दुरुस्त न केलेलं, दुसऱ्या मजल्यावरचं निळं दार त्यांनी सहा महिने रोज दोनदा पाहिलं होतं. एकदा बाहेर पडताना आणि एकदा आत जाताना.

त्यांनी गठ्ठा उपसून स्वतःच्या घराचा अर्ज काढला. बायकोने दिलेली माहिती. 'या घरात राहणारी सहा वर्षांखालील मुलं: शून्य.' बरोबरच होतं, मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली, नातवंड अजून नाही. आणि समासात टपालबाईचं अक्षर: 'राहत नाहीत. आवाज मात्र येतो.'

बेरीजरावांनी रबर खाली ठेवलं. मग त्यांनी सत्तावीस वर्षांत कधीही केली नव्हती अशी गोष्ट केली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हजेरीच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कोणी गेलं का?"

जिन्याच्या शेवटच्या वळणावरच त्यांना बूट दिसले. नऊ जोड, मोठ्यापासून लहानापर्यंत भिंतीला चिकटून ओळीत. शेवटचा जोड त्यांच्या अंगठ्याएवढा. त्यांनी कडी वाजवली. बायकोने दार उघडलं आणि त्यांना बघून ती अशी दचकली की जणू मीटर वाचणाऱ्या माणसाऐवजी वीज कंपनीच समोर उभी आहे.

"अगंबाई! तुम्ही आत्ता?"

"आत्ता."

आत, त्यांच्याच सतरंजीवर, त्यांच्याच उशांवर, नऊ मुलं आडवीतिडवी पसरली होती. सहा झोपली होती. दोघं झोपल्याचं नाटक करत होती. एक तीनेक वर्षांची मुलगी उठून बसली आणि तिने बेरीजरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज्जी, हे कोण?"

"हे होय? हे इथे राहतात, बाळा."

"कधी?"

"रात्रीचे."

मुलीला ते पटलं असावं. "चप्पल बाहेर काढा," तिने बेरीजरावांना सांगितलं आणि पुन्हा आडवी झाली.

ते स्वयंपाकघरात गेले. बायको मागोमाग लंगडत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बेरीजरावांना एकेक गोष्ट आठवू लागली. भिंतीवरचा रंग गुडघ्याच्या उंचीवरच का उडतो, असं त्यांनी रंगाऱ्याला विचारलं होतं. अंगाचा साबण पूर्वीपेक्षा निम्म्या दिवसांत संपतो, म्हणून साबणाच्या कंपनीला त्यांनी कडक शब्दांत पत्र पाठवलं होतं. कंपनीने दिलगिरी म्हणून एक डझन वड्या पाठवल्या, त्याही आश्चर्यकारक वेगाने संपल्या होत्या.

"किती दिवस चाललंय हे?"

"सव्वा वर्ष."

"सव्वा वर्ष!"

"हळू बोला, आत्ता कुठे डोळा लागलाय. खालची बसवाली नाही का, तिची कामाची पाळी बदलली. म्हणाली, काकू, दोन दिवस ठेवा हो पोराला. दोन दिवसांचे दहा झाले. मग तिनं तिच्या मैत्रिणीला सांगितलं. ती दवाखान्यात रक्त तपासते, तिची जुळी. मग पावाच्या भट्टीवरची आली. दारात पोर घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. माझी जीभच उचलली नाही नाही म्हणायला. दुधाबिस्किटांचे देतात हो त्या, फुकट नाही ठेवत."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पाचाच्या वर मुलं सांभाळायची तर परवाना लागतो, नाहीतर दंड. तुमच्याच कचेरीचं परिपत्रक. तुम्हीच मला वाचून दाखवलं होतं, स्वल्पविरामांसकट."

हे खरं होतं. ते परिपत्रक बेरीजरावांनीच टाइप केलं होतं आणि त्यातला एक स्वल्पविराम त्यांना अजून आवडत होता.

"आणि ऑपरेशन?" ते म्हणाले आणि विचारतानाच त्यांना उत्तर कळलं.

"सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणतात डॉक्टर. मी खाटेवर पडले, तर ही नऊ कुठे जातील? बसवाली नोकरी सोडेल, दुसरं काय करेल? जुळ्यांच्या आईला तर एका दिवसाचीही सुट्टी नाही. विचारून बघितलं मी सगळीकडे. हिरव्या फाटकाकडे विचारलं, ती म्हणाली, मीच माझी नात दुसरीकडे ठेवते."

"अगं, पण तुझा पाय जाईल!"

"गुडघा थांबतो हो. दोन वर्षांचं पोर नाही थांबत. तुमची ती पाहणी चाललीय ना पाळणाघराची? टपालबाई म्हणत होती. ते झालं की मी निवांत जाईन ऑपरेशनला. म्हणून तर बघू बघू करतेय."

बेरीजराव स्टुलावर बसले. स्टूल फार बुटकं होतं. ते या घरात कधी आलं, हेही त्यांना माहीत नव्हतं.

"पाळणाघर होत नाहीये," ते म्हणाले. "गरज निघाली नाही. एक टक्काही नाही."

"कोणी लिहिलं असं?"

"बेरीज मी केली."

बायकोने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "कशाची?" तिने विचारलं.

सत्तावीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

शुक्रवारी सकाळी ते टपालबाईच्या दारात उभे होते. बाई पायात बूट घालूनच बसली होती. निवृत्तीनंतरही तिला अनवाणी राहायला जमत नसे.

"तुम्हाला ठाऊक होतं ते घर माझं आहे," बेरीजराव म्हणाले.

"एकतीस वर्षं पत्रं टाकली साहेब, घर कोणाचं हे मला ठाऊक नसेल तर कोणाला?"

"मग सांगायचं नाही का?"

"आम्ही टपालातली माणसं. पाकीट बंद पोचवायचं. उघडायचं ज्याचं त्यानं." ती उठली. "समासात लिहिलं होतं की. तुम्ही खोडलं नाहीत ना सगळं?"

"नळाशेजारच्या गल्लीपर्यंत खोडलंय."

"हात तिच्या! असू दे. ती दारं मला तोंडपाठ आहेत."

बेरीजरावांचा बेत साधा होता. आजवर अर्ज घराप्रमाणे लावले होते, ते आता सांभाळणाऱ्याप्रमाणे लावायचे. एकशे चौऱ्याऐंशी मुलांचे शेजारी मोजले, तर दारं निघाली फक्त सदतीस. सोमवार दुपारपर्यंत सदतीस दारं वाजवायची आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायचा. तुमच्या घरी किती मुलं, हा नव्हे. तुम्ही किती मुलं सांभाळता?

पहिलंच दार हिरवं फाटक. अर्जांप्रमाणे इथे सात मुलं सांभाळली जात होती. आतून कुत्रं भुंकलं, आणि खरंच चावलं नाही.

"सात?" फाटकातली बाई ओरडली. "कोण म्हणतं? मी एकीला म्हटलं होतं, कधी अडचण आली तर सांग हो. अडचण आली तर! मी स्वतः गिरणीत जाते, आत्ताही निघालेच होते. माझी नात त्या पिवळ्या इमारतीतल्या शिंपिणीकडे असते."

पिवळ्या इमारतीतल्या शिंपिणीच्या नावावर पाच मुलं होती. तिच्या खोलीत दोनच होती, एक टेबलाखाली आणि एक टेबलावर. टपालबाईने तिच्या स्वतःच्या मुलांचं विचारलं. "माझी तीन पोरं? ती हिरव्या फाटकाकडे असतात ना," शिंपीण दातांत सुई धरून म्हणाली.

"फाटकवाली म्हणते, तिची नात तुमच्याकडे."

शिंपिणीने सुई काढली. "मग माझी तीन कुठे असतात?"

शिंपिणीने शिलाईचं यंत्र बंद केलं आणि ओढणी घेऊन ती जिना उतरायला लागली. तिन्ही पोरं सापडली. फाटकाच्या मागच्या अंगणात कुत्र्याबरोबर मजेत खेळत होती, आणि गेले चार महिने अशीच खेळत होती. त्यांना सांभाळत होतं ते कुत्रं. बेरीजरावांनी वहीत लिहिलं, 'सांभाळणारा: एक. पात्र नाही.'

अशी ती वरात तीन दिवस फिरली. एका दाराला वर्षभर कुलूप होतं, त्या कुलपाच्या नावावर चार मुलं होती. कारखान्यातल्या दोघी जणी एकमेकींची पोरं सांभाळत होत्या. एकीची पाळी दोनला सुरू होई आणि दुसरीची चारला संपे. मधले दोन तास मुलांना कोण बघतं, असं विचारल्यावर दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं, मग दाराच्या बाहेरच्या कडीकडे. चप्पलवाला म्हणाला, "बसतात हो चार जणं माझ्याकडे. मी काही करत नाही, फक्त खिळे वर ठेवतो." सगळ्यात शेवटी एक पंच्याऐंशीचे आजोबा भेटले, त्यांच्या नावावर सहा मुलं होती.

"मी कुठला सांभाळतोय?" आजोबा म्हणाले. "ती पोरंच मला सांभाळतात. औषधाची वेळ त्या धाकट्याला पाठ आहे."

टपालबाई दर दारापाशी बेरीजरावांना बजावत होती. "रागावल्यासारखं तोंड करू नका. माणसं खोटं नाही बोललेली. तीन म्हणजे शेजारी. सगळ्यांना शेजारी आहेतच की."

रविवारी संध्याकाळी बेरीज झाली. खरोखर कोणीतरी सांभाळत असलेली मुलं एकसष्ट, आणि ती सांभाळणारी माणसं अकरा. उरली एकशे तेवीस. त्यात आधीचं ते एक खरं उत्तर मिळवलं की एकशे चोवीस. शंभरातली तीस. बेरीजरावांनी आकडा तीनदा तपासला. बायकोने कपाटाशेजारी बसून मुलांचे दुधाचे पेले पुसत विचारलं, "जमतंय का?"

"बेरीज जमलीये. साहेब जमायचे आहेत."

सोमवारी साडेदहाला ते साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब सज्जन होते. कोणाचंही वाईट व्हावं असं त्यांना वाटत नसे, फक्त काही व्हावं असंही वाटत नसे.

"अहो बेरीजराव, अहवालावर सही झालीये," साहेब म्हणाले. "एक टक्क्याचे एका सुट्टीत तीस टक्के? मुलं काय वाढतात हो इतक्या वेगानं?"

"मुलं तेवढीच आहेत साहेब. शेजारी कमी झाले."

त्यांनी सदतीस दारांचा तक्ता पुढे सरकवला. साहेबांनी कुलूपबंद घराची ओळ वाचली, कुत्र्याची वाचली, आजोबांची वाचून हसले आणि लगेच हसू आवरलं. "हे सगळं ठीक आहे. पण नमुन्यात तीन म्हणजे सांभाळणारा आहे, असंच धरायचं असतं. नियम तसा आहे. आता कशाला उकरून काढता?"

बेरीजरावांनी घसा साफ केला. हे वाक्य त्यांनी सकाळी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, तिथे ते बरं वाटलं होतं. "कारखान्यातल्या त्या दोघींच्या घरांत साहेब, रोज दोन तास पाच मुलं बाहेरून कडी लावून असतात. आत शेगडी आहे. काही होऊ नये. पण झालंच, तर या मुलांना कोणाचीही गरज नाही, असा कागद आपल्या दप्तरात असेल. बेरीज माझी आहे. पण खाली सही तुमची आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग त्यांनी पहिला अहवाल उचलला आणि बोटांच्या टोकांनी धरून कडेला ठेवला.

"आणि ही बावीस नंबरची ओळ?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "निळं दार. नऊ मुलं. एकच बाई. पाचाच्या वर म्हणजे परवाना लागतो. परवाना आहे?"

"नाही."

"मग दंडाची नोटीस काढावी लागेल. कोणाचं घर आहे?"

बेरीजराव म्हणाले, "माझं."

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, बेरीजरावांकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. "तुमचं. आणि तुम्ही स्वतः लिहून आणलंत?"

"बेरीज पुरी व्हायला हवी साहेब. पुढच्या सहा तारखेला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. म्हणजे त्या दिवसापासून ही नऊही वाऱ्यावर. एकशे तेहतीस होतात."

साहेबांनी पेन उचललं. त्यांनी एवढ्या वेगाने पेन उचललेलं याआधी कोणी पाहिलं नव्हतं. "हे पाळणाघर नव्हे," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पाळणाघर म्हटलं की परवाना आला. हा गरजेचा पुरावा आहे. पुराव्याला परवाना लागत नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि कारंजं?"

"पाणी साहेब उन्हाळ्यात येतच नाही चौकात."

"हो की," साहेब म्हणाले. हा मुद्दा पाहणीत कोणी विचारला नव्हता.

समितीने दोन तास वाद घातला. त्यातला दीड तास कारंज्याच्या रंगावर गेला, कारण ते होणार नाही हे काही सभासदांच्या उशिरा लक्षात आलं. शेवटी निधी मंजूर झाला. इमारत उभी राहायला वर्ष लागणार होतं, पण तोवर तात्पुरती सोय म्हणून वॉर्ड कचेरीतलीच एखादी मोठी खोली द्यावी आणि शेजारच्या वॉर्डातून दोन शिकलेल्या सेविका बोलवाव्यात, असं ठरलं. खोली कोणती, या प्रश्नावर सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. कचेरीत मोठी खोली एकच होती. तिच्यात बेरीजरावांची सत्तावीस वर्षांची दप्तरं होती.

"काढतो," बेरीजराव म्हणाले.

बाहेर आल्यावर ते जिन्याच्या पायरीवर बसले. गेल्या चार दिवसांत आपण नीट श्वास घेतलेला नाही, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक. टपालबाई निकाल ऐकायला कचेरीच्या फाटकाशी उभी होती. तिने लांबूनच त्यांचं तोंड वाचलं आणि काही न विचारता चहा सांगायला वळली.

घरी येऊन त्यांनी बायकोला बातमी सांगितली. बसवालीचा मुलगा तिच्या कडेवर होता, त्याला तिने खाली ठेवलं. मग भिंतीला धरून बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली, बराच वेळ.

"अगं, रडतेस काय?"

"रडत नाहीये. पाय दुखतोय हो," ती म्हणाली. "सव्वा वर्षात आज पहिल्यांदा म्हणतेय, म्हणून तसं वाटतंय. फार दुखतोय."

दप्तरं हलवायला अकरा दिवस लागले, भिंतीला रंग द्यायला चार. सेविका पाच तारखेला यायच्या, त्या सहाला सकाळी आल्या, आणि सहा तारीख तीच होती, ऑपरेशनची. पहाटे मुलीने परगावाहून येऊन आईला दवाखान्यात नेलं. बेरीजराव मागे राहिले, कारण जाताना बायकोने एकच गोष्ट बजावली होती. "त्यांना नीट पोचवा. मग या."

साडेनऊ वाजता त्यांनी निळ्या दारातून रांग काढली. पुढे जुळी, मधे बसवालीचा मुलगा, त्यामागे ती तीन वर्षांची मुलगी, जिने सगळ्यांच्या चपला तपासल्या. रस्ता ओलांडताना बेरीजरावांनी डोकी मोजली. कचेरीच्या पायऱ्यांवर पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा, बोट लावून. दारातल्या सेविकेने विचारलं, "यादीत किती?" बेरीजरावांनी एकदा यादीकडे पाहिलं, एकदा रांगेकडे, आणि यादी घडी घालून खिशात ठेवली.

दुपारी तीनला डॉक्टर बाहेर आले आणि सगळं व्यवस्थित झालं म्हणाले. दोन महिन्यांनी जिना चढेल, तीन महिन्यांनी कठड्याशिवाय. मुलीने बापाचा हात धरला. बेरीजरावांनी डॉक्टरांना तीनदा धन्यवाद दिले आणि चौथ्यांदा वॉर्डबॉयला दिले.

बायको पाचला शुद्धीवर आली. डोळे पुरते उघडायच्या आधीच ओठ हलले.

"पोचली का सगळी?"

"पोचली."

"नऊही?"

"दहा," बेरीजराव म्हणाले.

तिने एक डोळा उघडला. "दहावं कोणाचं?"

"काही कल्पना नाही. रस्त्यात रांगेला लागलं. नाव विचारलं तर सांगत नाही. संध्याकाळी कोणीतरी न्यायला येईलच."

"अहो, मग यादीत काय लिहिलंत?"

"काही नाही लिहिलं अजून. आत घेतलं, बूट काढायला लावले, दूध दिलं. झोप तू."

तिने डोळा मिटला. हसताना पोट हललं, तसा पाय दुखला असावा. ती "आई गं" म्हणाली आणि पुन्हा हसली.